कोणत्या रमाबाई?

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील खेड्यांतून रमाबाई कोण, असे विचारीत गेल्यास तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. पुष्कळ लोक ज्यांना आईच्या ठिकाणी मानतात त्या रमाबाई म्हणजे डॉक्टर भीमराव आंबेडकर यांच्या पत्नी होत. त्या १९३५ साली वारल्या. शाळेतील गुरुजींना विचारावे, तर ते न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीचे नाव सांगतात. पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यामुळे त्या प्रसिद्धीस आल्या. आणि आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्ध बाईस विचारावे, तर ती केडगावाकडे बोट दाखविते. तिघीही आदरास पात्र आहेत. परंतु नाव एकच असल्यामुळे एकीचे कार्य दुसरीच्या नावावर जमा होते, व आपल्या रविवारच्या शाळांतील मुले तिघींची मिळून एकच रमाबाई करून टाकतात.

एखाद्या थोर माणसाची कृत्ये प्रथम सांगावयाची व मग मुलांकडून त्याचे नाव ओळखून घ्यावयाचे, ही रीत आपल्या उपदेशक बंधूंस ठाऊक आहे. सिंहांच्या गुहेत कोणास टाकले, राजापुढे आपल्या लोकांसाठी रदबदली कोणत्या राणीने केली, हे मुले चटकन सांगतात. तीच रीत येथे चालवून पाहू. जिचे बालपण तीर्थयात्रेत गेले, जी चार हजार मैलांहून अधिक पायी चालली, जिला पंडितांच्या सभेने पदवी दिली, जिने दुष्काळात मरणाऱ्या शेकडो मुलींना जेवू घातले, आणि जिने सगळे पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत उतरविले, ती बाई कोण? इतके सांगूनही पुष्कळदा उत्तर येत नाही. आले तरी केवळ विद्वान बाई एवढेच येते. म्हणून पंडिता रमाबाई यांचे चरित्र येथे पुन्हा एकदा सांगावेसे वाटते.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रीने संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईस, ती विद्या दिली. त्याबद्दल त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि अखेरीस ते वस्ती सोडून रानात जाऊन राहिले. मुलगी काही महिन्यांची होते न होते तोच घर मोडले व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या टोपलीत घालून एका माणसाने डोक्यावर वाहून नेले. पुढे बापाने देवळादेवळांतून पुराणे सांगावी, लोक जे देतील त्यावर निर्वाह करावा, आणि आईने पहाटेच्या वेळी मुलीस श्लोक शिकवावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले.

यानंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे पैसे, भांडी, वस्त्रे एकामागून एक गेली. मोलमजुरी करावी तर ती ठाऊक नाही, व ब्राह्मणाने ती कशी करावी हा अभिमानही आड येई. भीक मागण्याची लाज वाटे. अखेर सगळे कुटुंब मरण्याच्या इराद्याने रानात शिरले, आणि झाडांचा पाला, पाणी व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले. म्हाताऱ्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता. मुलगा श्रीनिवास याने वाटेल ते हलके काम करून पोट भरण्याचे वचन देऊन त्यांस परावृत्त केले. तरी १८७४ साली ते वारले व थोड्याच दिवसांत आईही गेली. तिचे प्रेत उचलण्यास मोठ्या मिनतवारीने दोनच ब्राह्मण आले. स्मशान दूर होते. चार खांदेकरी पुरे करण्यासाठी भाऊ व बहीण यांनीही खांदा दिला. आणि रमाबाईंची उंची कमी असल्यामुळे तिरडीचा आपल्याकडील भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही महामारीने गेली.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली माणसे आपल्या मंडळ्यांत अजून आहेत. त्यांना वरील हकीकत अधिक फोडून सांगावयास नको. रमाबाईंची विद्या पुष्कळांनी वर्णिली; परंतु त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज विद्येत नसून या अकरा दिवसांत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उरलेली दोन भावंडे दक्षिणेकडून थेट काश्मीरपर्यंत पायी फिरली. झेलम नदीच्या काठी थंडीच्या दिवसांत पांघरूण नसल्यामुळे ती वाळूत खड्डे खणून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेत व तशी रात्र काढीत. ज्या देवतांची बापाने जन्मभर सेवा केली त्यांनी संकटात कोणाचीच हाक ऐकली नाही, हे पाहून दोघांच्याही मनातील श्रद्धा हळूहळू विरून गेली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. तेथेच केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून तिने वेदांचे वाचन आरंभिले. धर्मशास्त्रेही वाचली, आणि त्या वाचनात तिच्या ध्यानी एक गोष्ट आली. ग्रंथ परस्परांशी शंभर बाबतींत भांडत होते. परंतु स्त्रिया व शूद्र यांना वेदाचा अधिकार नाही व पुरुषासारखा मोक्षही नाही, या बाबतीत बहुतेकांचे एकमत होते. ज्या विद्येबद्दल तिच्या गळ्यात पदव्यांचा हार पडला होता, त्याच विद्येने तिला दाराबाहेर उभे केले होते. वाचकहो, दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय हे ब्राह्मणाच्या मुलीस जर कोठे समजले असेल, तर ते येथे.

भाऊ १८८० साली ढाक्यास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हे गृहस्थ त्या काळच्या गणनेने शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीचे होते, त्यामुळे स्वजातीचे जे काही दार उघडे होते तेही बंद झाले. आसामातील सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, व ते त्यांनी आवडीने वाचले. पतीस मात्र ते रुचले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही महामारीने वारले. चोविसाव्या वर्षी वैधव्य आले, व पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारच्या शिक्षण आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची गरज मराठीत मांडली. रानड्यांच्या रमाबाई या काळी त्यांच्या सभांस जात असत. म्हणजे दोघी रमाबाई एका छताखाली बसत.

डॉक्टर व्हावे या इच्छेने त्या १८८३ साली विलायतेस गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ती इच्छा तडीस गेली नाही. परंतु वाँटेज येथील धर्मभगिनींनी एक दिवस त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एका आश्रमात नेले. वाईट मार्गास लागलेल्या स्त्रियांस तेथे आश्रय देऊन, प्रेमाने वागवून, पुन्हा उभे करीत असत. आपल्या देशात अशा बाईस समाज जिवंतपणी मेली म्हणतो. येथे तिची शुश्रूषा होते, हे पाहून त्या थक्क झाल्या. याचे कारण काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा भगिनींनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर पाणी भरावयास आलेली शोमरोनी बाई, व तिच्याजवळ पाणी मागणारा प्रभू! यहूद्याने जिच्या हातचे घेऊ नये अशी ती बाई. आपल्या खेड्यांतील श्रोत्यांस या अध्यायाचा अर्थ टीकाग्रंथावाचून कळतो. पाणवठ्याचा नियम काय असतो हे त्यांचे वाडवडील जाणून होते. रमाबाईंस तो तेव्हा कळला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. देवाच्या वचनास मान्य ते मी करीन, परंतु मनुष्यांच्या अधिकारास सद्सद्विवेक वाहणार नाही, या अर्थाची त्यांची पत्रे वाँटेजच्या भगिनींस गेली आहेत, व त्यावरून बरीच वादावादीही झाली. त्या शेवटपर्यंत कोणत्याही एका मिशनाच्या अंकित झाल्या नाहीत. आपण पाळक लोकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मंडळीत प्रश्न विचारणारी बाई उठली की आपण किती लवकर अस्वस्थ होतो!

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली त्या समारंभास त्या हजर होत्या. पुढे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले, आणि त्याच वर्षी बोस्टन शहरी त्यांच्या नावाने साह्यकारी मंडळी स्थापन झाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. विधवांपैकी पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. सदन पुढे पुण्यास गेले. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, व ज्या मुली आपखुशीने येऊन बसत त्यांना त्या हाकलीत नसत. यावरून १८९३ साली गहजब झाला. रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी आपला संबंध तोडला, आणि वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. सल्लागारांचे म्हणणे असे की शाळा धर्मविरहित राहील या विश्वासावर लोकांनी आपल्या मुली पाठविल्या होत्या. त्यांस आपण अन्यायी म्हणू नये. पालकांचे भय समजण्यासारखे होते. पण दार लावून प्रार्थना करणे म्हणजे आपला प्रभू लपविणे, आणि ते रमाबाईंच्याने होणार नव्हते.

येथपर्यंतचे वाचून आपल्या मंडळ्यांतील एखादा विचारी बांधव म्हणेल की, या बाई थोर खऱ्या, पण त्या आमच्या कोण? जन्म ब्राह्मणाच्या घरचा, पुस्तक उच्चवर्णीय स्त्रियांविषयी, शाळा उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि त्या शाळेत ज्यांना जातीचे आचार पाळावयाचे त्यांस तशी मुभा. आमच्या आज्या तेव्हा वेशीबाहेर होत्या. त्यांच्यासाठी कोणते दार उघडले? हा प्रश्न दडपून टाकणे बरे नव्हे. पुष्कळ चरित्रकार तो दडपतात, किंवा सुरुवातीपासून त्यांचे कार्य सर्वांसाठीच होते असे भासवितात. ते खरे नाही. १८८९ पासून सुमारे सात वर्षे रमाबाईंचे कार्य गावाच्या एकाच टोकास चालले होते.

ते पालटविले दुष्काळाने. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात अन्न नाहीसे झाले. वार्ता ऐकताच रमाबाईंस आपले रानातील दिवस आठवले. हाती पैसा नसताही त्या स्वतः तिकडे निघाल्या. सरकारी छावण्यांतून व रस्त्यांच्या कडेने मुली व बाया सांगाड्यांसारख्या बसलेल्या, कोणी उवांनी व जखमांनी भरलेल्या, कोणी दुष्टांच्या हाती सापडून नासलेल्या. त्यांपैकी सुमारे तीनशे जणी त्यांनी आणल्या. त्या नाना जातींच्या होत्या. मरत्या मुलीस तोंडात घास घालण्यापूर्वी जात विचारावी, हे जिने स्वतः पाला खाल्ला तिला सुचणे शक्य नव्हते. पुण्यात प्लेग असल्यामुळे नव्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. म्हणून केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू व झोपड्या ठोकून त्यांना ठेवले. तेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकड्यांनी भर पडून वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

दीड हजार माणसांस रोज दोन वेळ जेवू घालणे ही गोष्ट सभेत भाषण करण्याइतकी सोपी नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली. मुलींस विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते असे नाना धंदे शिकविले. ज्या घराण्याने मोलमजुरीची लाज धरून उपास काढले, त्याच घराण्याच्या मुलीने हाताच्या कामास हा मान दिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आंधळ्या बायांस बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली. ती विद्या मनोरमाबाईंनी अमेरिकेत मिळविली होती. वृद्ध बायांसाठी निराळे घर, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी निराळे. फुलहॅम येथे जे पाहिले होते ते येथे मराठी मातीत उभे राहिले.

तथापि ज्या कृत्यावरून आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनी रमाबाईंस विशेषेकरून ओळखावे, ते अजून सांगावयाचे आहे. मुक्तिसदनातील साध्या बाया व मुली शास्त्र वाचू लागल्या, तेव्हा छापील मराठी पुष्कळ ठिकाणी त्यांच्या कानावरून निघून जाई. अर्थ सांगण्यास कोणी शिकलेला मनुष्य जवळ लागे. म्हणजे पुन्हा एक मध्यस्थ आलाच. रमाबाईंस हे सहन होईना. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्यांनी इब्री व ग्रीक या भाषांचे अध्ययन केले, आणि सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. त्यांचा कटाक्ष असा की, शेतातील बाईस जो शब्द समजणार नाही तो घालू नये, आणि ज्या संस्कृत शब्दास जुन्या देवधर्माचा वास चिकटला आहे तो तर मुळीच नको. ज्या बाईस संस्कृताबद्दल पंडिता म्हटले, तिनेच निरक्षरांसाठी ते संस्कृत वेचून वेचून बाहेर काढले!

हे काम दहा वर्षांहून अधिक काळ चालले. छापखाना मुक्तिसदनाचाच होता. खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या, पाने मुडपून बांधणी करणाऱ्या आश्रमातील बाया व मुलीच होत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींच्या हातांनी देवाच्या वचनाची पाने एकेक अक्षर लावून तयार झाली. त्यांतल्या कोणत्या मुलीचे आजोळ कोणत्या वस्तीत होते याची कोणी नोंद ठेविली नाही, आणि मला वाटते, आमच्या कोण या प्रश्नाचे उत्तर याच छापखान्यात आहे.

भाषांतराविषयी खरे बोलावयाचे तर ते सर्वांस मानवले नाही. मूळ शब्दास चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे मराठी वाक्य काही ठिकाणी अवघडते, आणि आज आपल्या बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटीची प्रत वाचली जाते. परंतु मूळ भाषांवरून सगळे शास्त्र एका बाईने आपल्या मातृभाषेत उतरविले, असे उदाहरण जगातही विरळा.

आपल्या प्रदेशाशीही या घराण्याचा संबंध आला. १९१२ साली गुलबर्गा येथे ख्रिस्ती शाळा स्थापण्यात आली, व तीत मनोरमाबाईंनी पुष्कळ परिश्रम केले. ते शहर, ज्यास आता कलबुर्गी म्हणतात, त्या वेळी नांदेड-लातूरप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. आईच्या मागे सर्व भार मनोरमाबाईंनी घ्यावा, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु १९२१ च्या जुलैत त्या मिरज येथे निवर्तल्या. जिने आई, बाप, बहीण, भाऊ व पती यांना एकामागून एक पोहोचविले होते, तिला आता चाळीस वर्षांची एकुलती एक लेकही पोहोचवावी लागली. शोक करीत बसण्यास सवड नव्हती. शास्त्राची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. शरीर थकले असता त्या ती तपासीत राहिल्या. ते काम हातावेगळे झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पुस्तक छापून १९२४ साली बाहेर पडले. ते बांधलेल्या रूपात त्यांनी पाहिले नाही. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट काढले.

मुक्ति मिशन आजही केडगावास चालू आहे. लातूरहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे कुर्डूवाडी व दौंड मागे पडल्यावर हे स्टेशन येते. सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. म्हणून ज्या मंडळ्यांस मुलांना घेऊन जावयाचे असेल त्यांनी दौंडास उतरून पुण्याकडे जाणारी पॅसेंजर गाडी धरावी.